पाचव्या खिडकीतलं पावणं

सलग एकोणिसाव्या दिवशी, दुपारी चारच्या ठोक्याला, प्रसेनजीत कुरणेचा फळा बंद पडला आणि हे कुणीतरी मुद्दाम करतंय याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका उरली नाही. एकदाच पडला असता तर त्यानं वायरीला शिव्या घातल्या असत्या. चार वेळा पडला असता तर विजेच्या नावानं बोटं मोडली असती. पण रोज, आणि तेही चारलाच? यंत्राला घड्याळ कळतं, वैर कळत नाही. वैर फक्त माणसाला कळतं, असं प्रसेनजीतचं एकसष्ट वर्षांचं मत होतं.

फळा म्हणजे शाळेतला नव्हे. राजारामपुरीत एका दातांच्या दवाखान्याच्या डोक्यावर प्रसेनजीतचा फ्लॅट आहे. तिथं हॉलच्या कोपऱ्यात, शिलाई मशीनच्या जुन्या टेबलावर एक करडा संगणक दिवसरात्र घुं घुं करत असतो. त्यात जुन्या पद्धतीचा बुलेटिन बोर्ड चालतो. फोटो नाही, व्हिडिओ नाही, सकाळी सकाळी गुलाबाची फुलं नाहीत. काळा पडदा आणि हिरवी अक्षरं. सभासदानं आपल्या घरातून इंटरनेटवरून यायचं, नाव आणि पासवर्ड सांगायचा, दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं, स्वतःचं चार ओळी लिहायचं आणि निघायचं. एका वेळी पाचच जणांना जागा. या जागांना प्रसेनजीत खिडक्या म्हणतो. चार खिडक्या सभासदांच्या आणि पाचवी पाहुण्यांसाठी राखीव. पाहुण्याला नाव सांगावं लागत नाही, पण त्याला नुसतं वाचता येतं, लिहिता येत नाही.

सभासद चाळीसेक, बहुतेक पन्नाशी ओलांडलेले, आणि रोज न चुकता येणारे सात-आठ. कुणाच्या गल्लीत पाणी येणार नाही, कोण वारलं, कुणाला कुठला जुना पंखा विकायचाय आणि कुस्तीच्या मैदानात कोण कुणाला घेऊन पडला, यापलीकडं फळ्यावर फारसं काही नसतं. व्हॉट्सॅपच्या जमान्यात हा उद्योग कशाला, असं प्रसेनजीतला ज्यांनी ज्यांनी विचारलं, त्यांना त्यानं एकच उत्तर दिलं, "तुमास्नी न्हाय कळायचं."

त्याला कळायचं, कारण त्याचा बाप केरबा हा मंगळवार पेठेतला पाट्या रंगवणारा पेंटर होता. गल्लीच्या तोंडाला एक खराखुरा लाकडी फळा होता आणि त्यावर रोज सकाळी खडूनं गल्लीच्या बातम्या लिहायचं काम केरबानं तीस वर्षं केलं. ओलं फडकं घेऊन कालचं पुसायचं काम लहानग्या प्रसेनजीतकडं. केरबाचं अक्षर इतकं देखणं, की लोक वारल्याची बातमीसुद्धा दोनदा वाचायचे. आणि त्याचा एक नियम होता. फळ्यावर चुकीचं काही लिहिलं गेलं तर तो ते पुसायचा नाही. त्यावर आडवी रेघ मारायचा, खाली "हे चूक" असं लिहून स्वतःचं नाव घालायचा आणि तीन दिवस तसंच ठेवायचा. पुसलं तर ज्यानं चूक वाचली त्याला बरोबर कोण सांगणार, असं तो म्हणायचा.

पोरगा मोठा झाला आणि शहराबाहेरच्या एका कारखान्यात टेलिफोन एक्स्चेंज सांभाळायला लागला. तिथं अठ्ठावीस वर्षं काढली. फाटकावर सगळ्यांच्याच पिशव्या तपासायचे म्हणे. पण आत काही हरवलं, साधा पेचकस का असेना, की पहिली पिशवी प्रसेनजीतची उघडायची. का, ते कुणी तोंडानं बोलत नसे; त्याचं नाव आणि आडनाव ऐकून ज्यांना समजायचं ते समजायचं. अठ्ठावीस वर्षांत त्याच्या पिशवीत भाकरी, खरडा आणि एखादं पुस्तक यापलीकडं काही सापडलं नाही. आणि अठ्ठावीस वर्षांत एकाही माणसाच्या तोंडून "चुकलं बाबा" असा शब्द आला नाही. हे प्रसेनजीत कधी विसरला नाही. विसरावं असं त्यात काही नव्हतंच.

हे सगळं ज्याला ठाऊक होतं असा घराबाहेरचा माणूस एकच, तो म्हणजे उन्मेष. शाहूपुरीत संगणकाचे क्लास घेणारा, सडपातळ, चष्मेवाला, बोलायला कमी. शहाण्णव साली त्यानं पुण्याहून एक मोडेम आणला, प्रसेनजीतनं घरच्या फोनची तार त्याला जोडली, आणि दोघांनी मिळून हा फळा पहिल्यांदा उभा केला. पुढं इंटरनेट आलं, फोन करणारे आटले, फळा बंद झाला. लॉकडाउनमध्ये दोघं फोनवर बोलता बोलता एक दिवस उन्मेषच म्हणाला, "पश्या, काढू या का रे आपला फळा पुन्हा?" काढला. मुख्य पासवर्ड दोघांकडंच. तीस वर्षांची दोस्ती, त्यात एकमेकांना अहोजाहो कधी केलं नाही.

आणि ती तीन आठवड्यांपूर्वी पाच मिनिटांत मोडली.

झालं असं, की प्रसेनजीतनं दोन महिने खपून फळ्याचा सगळा इंग्रजी मेन्यू मराठीत आणला. 'न्यू मेसेजेस'चं 'नवं काय', 'गेस्ट'चं 'पावणं', 'गुडबाय'चं 'जातो', असं एक ते नऊ. शिवाय अजून एक सोय केली. पूर्वीपासून पंधरा मिनिटं कुणी काही टाइप केलं नाही तर फळा त्याला आपोआप बाहेर काढायचा. उन्मेषची थोरली बहीण अक्का, वय शहात्तर, निवृत्त शिक्षिका, एका बोटानं टाइप करते आणि दर वाक्याला चहा घेते. दोन वेळा तिचं लांबलचक पत्र अर्ध्यात गेलं. म्हणून प्रसेनजीतनं ते बाहेर काढणं बंद करून टाकलं. म्हाताऱ्या माणसाला घाई कशाला?

उन्मेषनं सगळं पाहिलं, चष्मा पुसला आणि म्हणाला, "छान झालंय. मला दोन दिवस दे. तपासून बघतो, मग सुरू करू."

प्रसेनजीतच्या कानात बाकी काही शिरलंच नाही, फक्त तो एक शब्द शिरला.

"तपासणार? माझं काम तू तपासणार?"

"अरे, कुणाचंही तपासतातच की."

"कुणाचंबी न्हाय तपासत. माझंच तपासत्यात. अठ्ठावीस वर्सं बघितलंय मी. तूबी त्यातलाच निघालास व्हय?"

उन्मेषचा चेहरा पांढरा पडला. दोघांचे आवाज खाली दवाखान्यापर्यंत गेले असणार, कारण खालची घरघर मध्येच थांबली. शेवटी उन्मेषनं चपला घातल्या आणि दारातून "जातो मी" एवढंच म्हणून तो जिना उतरला. प्रसेनजीतनं त्याच तिरमिरीत नवा मेन्यू सुरू केला. दुसऱ्या दिवशी चार वाजता फळा बंद पडला.

तेव्हापासून या माणसानं काय काय केलं नाही! वायर बदलली. मेमरी काढून खोडरबरानं घासून परत बसवली. टेबल फॅन संगणकाकडं फिरवला आणि बायकोला घामात बसवलं. निशा, म्हणजे त्याची बायको, सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेली, आणि नवऱ्याच्या आग्रहानं फळ्याची सभासदही. तिनं आयुष्यात इतके तापाचे पेशंट पाहिले होते, की हिरव्या अक्षरांच्या तापाचं तिला फारसं कौतुक नव्हतं. चार वाजता मिक्सर लावायचा नाही, असा हुकूम निघाला तेव्हा मात्र ती भडकली.

"चटणी काय त्या डब्याला इचारून वाटायची व्हय?"

"डब्यात कोण तरी घुसतंय, निशा. नावं दुसऱ्याची घिऊन बसतंय."

हे मात्र त्याचं नुसतं डोकं फिरलेलं नव्हतं. त्याला पुरावा मिळाला होता. एका दुपारी एकच्या सुमारास पडद्यावर दुसऱ्या खिडकीत आकाराम बसलेला दिसत होता. आकाराम म्हणजे बसचा निवृत्त कंडक्टर, फळ्यावर पाण्याच्या वेळा लिहिणारा. प्रसेनजीत औषधं आणायला खाली उतरला, तर औषधाच्या दुकानासमोर आकाराम स्वतः, सदेह, केळी निवडत उभा. आणि त्याचा मोबाईल तर अजून बटणांचा.

"काय आकाराम, फळ्यावर हाईस न्हवं तू?"

"सकाळी आलतो की. पाण्याचं लिवलं, उठलो."

प्रसेनजीतनं धावत वर जाऊन पाहिलं, तर आकाराम दुसऱ्या खिडकीत मख्ख बसलेला. त्या दिवसापासून तो सगळं वहीत टिपून ठेवायला लागला. दुपार होईपर्यंत चारी खिडक्या भरायच्या. नावं ओळखीची, पण एकही जण हूं की चूं करत नसे. फोन करून विचारावं तर तो माणूस शेतावर, नाहीतर लग्नात, नाहीतर चक्क झोपलेला. खरे सभासद बाहेर 'जागा नाही' वाचून परत जायचे, आणि चारला सगळंच गारठायचं. म्हणजे कुणीतरी सगळ्यांचे पासवर्ड चोरून, त्यांची सोंगं घेऊन खिडक्या अडवत होतं. आणि सगळ्यांच्या पासवर्डपर्यंत पोचू शकेल असा माणूस जगात दुसरा कोण होता?

त्यानं मुख्य पासवर्ड बदलला. तरी पडला. मग उन्मेषनं आधीच आत काहीतरी पेरून ठेवलं असणार. सगळा प्रोग्राम नव्यानं घातला. तरी पडला. मग आता तो बाहेरून करत असणार. संशयाचं हे एक बरं असतं, त्याला कुठंही वाट अडत नाही.

बाहेरून करतोय म्हटल्यावर प्रसेनजीतनं नोंदी उघडल्या. फळ्यावर कोण आलं, कोण गेलं, याची ओळ आपोआप लिहिली जाते. त्या चाळता चाळता त्याची नजर एका जागी अडकली. रोज दुपारी साडेतीनच्या आसपास: पावणं आलं. रोज पावणेचारच्या आसपास: पावणं गेलं. आणि त्यानंतर पंधरा मिनिटांत फळा बंद. एकोणीस दिवस, एकही खाडा नाही. नाव न सांगता येणारं, काही न लिहिता निघून जाणारं हे पावणं कोण?

विसाव्या दिवशी त्यानं सापळा लावला. निशाला संगणकासमोर बसवलं, चष्मा दिला आणि बजावलं, "पाचव्या खिडकीकडं बघत ऱ्हा. हलायचं न्हाय." स्वतः स्कूटर काढून शाहूपुरीत गेला आणि उन्मेषच्या घरासमोरच्या चहाच्या गाड्याआड उभा राहिला. हेल्मेट काढलं नाही. चहावाल्यानं दोनदा विचारलं, "पावणं, चहा कसा पिणार ह्यातनं?" प्रसेनजीतनं त्याच्याकडं लक्ष दिलं नाही.

उन्मेषच्या तळमजल्यावरच्या खोलीची खिडकी उघडी होती. तीन वाजून एकतीस मिनिटांनी उन्मेष येऊन संगणकासमोर बसला. प्रसेनजीतच्या खिशातला फोन वाजला.

"पावणं आलं बगा," निशा म्हणाली.

पुढची चौदा मिनिटं प्रसेनजीत त्या पाठमोऱ्या माणसाकडं बघत राहिला. उन्मेष हात मांडीवर ठेवून बसला होता. मधूनच एखादं बटण दाबायचा. मग त्यानं चष्मा काढला, डोळे चोळले, दोन बटणं दाबली आणि उठला.

"गेलं," फोनमधून निशा म्हणाली. आणि चारला परत तिचाच फोन, "थांबला वो."

घरी येताना प्रसेनजीतला आनंद व्हायला हवा होता. चोर सापडला होता. पण सिग्नलला थांबल्यावर त्याला रडू फुटेल की काय असं वाटलं. बाकी कुणीही चाललं असतं. कारखान्यातला कुणी असता तरी चाललं असतं.

घरात पाऊल टाकल्या टाकल्या त्यानं फळा चालू केला आणि सगळ्यांच्या डोळ्यांत भरेल अशा जागी, सगळ्यात वर लिहिलं: "गेले वीस दिवस फळा कोण बंद पाडतंय ते आज पुराव्यानिशी कळलं. शाहूपुरीचा उन्मेष. स्वतःच्या डोळ्यानं पाहिलंय. आजपासून त्याला फळा बंद." आणि उन्मेषचं नाव सभासदांतून काढून टाकलं.

"एकदा त्यास्नी इचारायचं तरी," निशा म्हणाली.

"मला कुणी इचारलतं?"

निशानं आत जाऊन मिक्सर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता दारावरची बेल वाजली. दारात अक्का. शाहूपुरीहून रिक्षानं आलेली, काठी टेकत, दम लागलेला.

"आधी पाणी दे. तुझ्या जिन्याला माझ्या गुडघ्यांची काही किंमत नाही."

निशानं पाणी दिलं, खुर्ची दिली. प्रसेनजीत उभाच. अक्कापुढं आपण का उभे आहोत, हे त्याचं त्यालाच कळेना.

"फळ्यावर तू लिहिलंस ते वाचलं," अक्का म्हणाली. "उत्तर मी घरूनही दिलं असतं. पण ते मला तुझ्यासमोर लिहायचं आहे. बाजूला हो."

ती संगणकासमोर बसली, आपलं नाव आणि पासवर्ड घातला, आणि एका बोटानं टाइप करायला लागली. अर्धा तास लागला. निशानं मध्ये चहा केला, तो तिनं दोन वाक्यांच्या मध्ये घेतला. प्रसेनजीत तिच्या खांद्यामागून एकेक अक्षर उमटताना बघत होता.

"उन्मेष रोज साडेतीनला पाहुणा म्हणून फळ्यावर येतो, हे खरं आहे. इथं काय चाललंय ते वाचतो आणि परत जातो. नावानं का जात नाहीस, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, नावानं गेलो तर प्रसेनजीतला वाटेल मी त्याचं काम तपासायला आलो. चारला फळा बंद पडतो हे त्यालाही दिसत होतं. तुला फोन करावा म्हणून त्यानं तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा खाली ठेवला. बाकी तू पाहिलंस तेवढं खरं, आणि तू पाहिलं नाहीस तेही खरं. अक्का."

प्रसेनजीतनं ते दोनदा वाचलं. तरी संशय म्हणजे काय एवढ्यानं सोडणारी चीज नव्हे. बहीण भावाची बाजू घेणारच, असं त्याच्या मनानं लगेच सांगितलं. तेवढ्यात लिहिणं संपवून अक्कानं माउस हातात घेतला आणि बाण पडद्याच्या कोपऱ्यातल्या फुलीवर नेला.

"तसं न्हाय अक्का," तो न राहवून म्हणाला. "तशी खिडकी मिटायची न्हाय. नऊ दाबायचं. खाली लिवलंय बगा, 'नऊ, जातो'."

अक्कानं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. चौथीच्या वर्गात फळ्यावर भलतंच गणित मांडणाऱ्या पोराकडं बघावं तसं.

"ते मी कधीच दाबत नाही."

"का?"

"अरे, चांगल्या घरातून उठताना 'जातो' म्हणतं का कुणी? आणि तुझा तो फळा वर परत विचारतो, 'नक्की जाणार का?' माझ्या वयाच्या बाईला! पूर्वी ते इंग्रजी होतं तेव्हा दाबत होते मुकाट्यानं. इंग्रजीत काही वाटत नाही. मराठीत नाही बाई धजत हात."

निशा पदरानं हात पुसत बाहेर आली.

"मीबी न्हाय दाबत," ती म्हणाली. "मी आपली फुलीच दाबती."

"तूबी? आपल्या घरात असलं शकुन-अपशकुन कुणी मानतंय व्हय?"

"मानायचं काय त्यात? तुमी घरातनं भाईर पडताना काय म्हणताय? कवा तरी 'जातो' म्हणालाय? रोज येतो म्हणूनच जाताय की."

कालसुद्धा, स्वतःच्या मित्राला पकडायला निघताना, दारातून तो "येतो गं" म्हणूनच गेला होता.

त्यानं आकारामला फोन लावला. "आकाराम, फळ्यावरनं उठताना नऊ दाबतोस काय रं?"

"न्हाय बा! जातो कशाला म्हणू? मी आपला गपचीप फुली दाबून मिटतो."

अजून दोघांना लावला. त्यांचीही तीच गत. मग त्यानं नोंदी पुन्हा उघडल्या, आणि एकोणीस दिवसांच्या, डोळ्यांत तेल घालून वाचलेल्या त्या ओळींत जे पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं, ते त्याला आता दिसलं. आकाराम आला. अक्का आली. निशा आली. कुणीच 'गेलं' नव्हतं. निरोप न घेता खिडकी मिटली की फळ्याला कळायचंच नाही की माणूस उठून गेला. त्याच्या लेखी तो तिथंच बसलेला. पूर्वी एखादा असा विसरून गेलाच, तर पंधरा मिनिटांनी फळा त्याचं नाव उठवायचा. ते प्रसेनजीतनंच अक्कासाठी बंद केलेलं. म्हणून माणूस बाजारात केळी निवडत असायचा आणि त्याचं नाव खिडकीत बसलेलं असायचं. आणि चार वाजता फळ्याची रोजची झाडलोट असते, जुने मजकूर आवरायची; ती आजवर कधी अडली नव्हती, म्हणून तिच्याकडं त्याचं लक्षच गेलं नव्हतं. त्यासाठी सगळ्या खिडक्या रिकाम्या व्हाव्या लागतात. सगळे उठायची वाट बघत बघत फळा जागीच गोठायचा.

सबंध वीस दिवसांच्या नोंदींत रीतसर निघून गेलेलं माणूस एकच होतं. पावणं आलं, पावणं गेलं. पावणं आलं, पावणं गेलं. 'नक्की जाणार का?' या प्रश्नाला वीस वेळा 'हो' म्हणून, आपल्यामुळं फळा अडू नये म्हणून, खिडकी रिकामी करून गेलेलं.

"तपासून बघतो म्हणाला होता," प्रसेनजीत पुटपुटला. दोन दिवसांत त्याला हे सापडलंच असतं. अक्का तर त्याच्याच घरात होती. तिचं एका बोटाचं टाइपिंग बघत बसला असता तरी सापडलं असतं.

अक्का काठी घेऊन उठली. "येते मी," दारात म्हणाली. आणि प्रसेनजीतला एकाएकी आठवलं, की याच दारातून त्या दिवशी उन्मेष "जातो मी" म्हणाला होता. तीस वर्षांत पहिल्यांदा. हा शब्द साऱ्या शहराला उच्चारवत नाही, आणि तो आपल्याला ऐकूसुद्धा आला नव्हता.

दुरुस्तीला दहा मिनिटंही लागली नाहीत. 'जातो' काढून 'येतो' घातलं. 'नक्की जाणार का?' हा प्रश्नच उडवला. नोंदीतही 'गेलं'च्या जागी 'येतो म्हणालं' केलं. गप्प बसलेल्याला बाहेर काढायची सोय पुन्हा लावली, पण अक्कासाठी तासाभराची. उन्मेषचं नाव सभासदांत परत घातलं. मग तो सगळ्यात वरच्या त्या मजकुरापाशी आला. एक बटण दाबलं की तो नाहीसा झाला असता. त्यानं तो पुसला नाही. प्रत्येक ओळीवर रेघ ओढली आणि खाली लिहिलं: "हे चूक. फळा माझ्याच चुकीनं बंद पडत होता. उन्मेषनं काहीही केलेलं नाही. प्रसेनजीत केरबा कुरणे."

त्या दिवशी चार वाजता झाडलोट झाली आणि फळा चालू राहिला. त्यानं ते बघितलं आणि स्कूटर काढली.

दार उन्मेषनंच उघडलं. "बस," म्हणाला. 'ये' म्हणाला नाही. प्रसेनजीत बसला नाही.

"उन्म्या, चुकलो."

अठ्ठावीस वर्षं ज्या शब्दाची त्यानं वाट पाहिली होती, तो आज त्याला स्वतःच्या तोंडून काढावा लागला. वाटलं होतं त्यापेक्षा तो फार जड निघाला. मग प्रसेनजीतनं खिशातून चिठ्ठी काढली.

"नवा पासवर्ड हाय. तू तपास. माझं समदं काम तपास. मी तोंडातनं एक शब्द काढणार न्हाय."

उन्मेषनं चिठ्ठी घेतली, पण उघडली नाही. तिची घडी नीट दाबली आणि प्रसेनजीतच्या शर्टाच्या खिशात परत ठेवली.

"तुझ्याकडंच ठेव पश्या," तो शांतपणे म्हणाला. "उद्या तिथं परत काही बंद पडलं, तर पहिली पिशवी माझीच उघडशील."

याला काही उत्तर असतं तर ते प्रसेनजीतनं कारखान्याच्या फाटकावर कधीच ऐकलं असतं. तो दारापर्यंत गेला, चपला घातल्या.

"येतो," म्हणाला.

उन्मेषनं मान हलवली की नाही, ते त्याला नीट दिसलं नाही.

त्यानंतर फळा एकदाही पडला नाही. आकाराम येतो म्हणून जायचा, अक्का येते म्हणून जायची, खिडक्या भरायच्या आणि रिकाम्या व्हायच्या. पाचवी तेवढी रिकामीच. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. केरबाच्या नियमानं तीन दिवस झाले होते, रेघ मारलेला मजकूर काढायला हरकत नव्हती. प्रसेनजीतनं काढला नाही. साडेतीन वाजले की तो खुर्ची ओढून बसायचा आणि पावणेचारला उठून चहा टाकायचा.

सहाव्या दिवशी तीन वाजून तेहतीस मिनिटांनी पडद्याच्या खालच्या बाजूला ओळ उमटली: पावणं आलं.

प्रसेनजीत ताठ बसला. पावण्याला दोन ओळी लिहून पाठवणं त्याला सहज शक्य होतं. फळा चालवणाऱ्याला ते करता येतं. त्यानं हात मांडीवर ठेवले, अगदी त्या दिवशी खिडकीतून दिसलेल्या माणसासारखे. पावण्यानं सगळ्यात वरचा मजकूर उघडला. तो बराच वेळ उघडा राहिला. मग पाण्याच्या वेळा वाचल्या, पंख्याची जाहिरात वाचली. उन्मेष या नावाचा दरवाजा उघडा होता, पण त्यातून कुणी आत आलं नाही.

पावणेचारला आणखी एक ओळ उमटली: पावणं येतो म्हणालं.

चार वाजले. झाडलोट झाली. निशानं स्वयंपाकघरातून विचारलं, "कोण आलतं काय वो?"

"पावणं," प्रसेनजीत म्हणाला. "येतो म्हणून गेलंय."